चोवीस वर्षांचे सर आणि पुढच्या महिन्यातली सभा

पत्र: मी विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी बास्केटबॉल क्लबच्या कार्यकारिणीवर आहे. आमचे मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात, चोवीस वर्षं क्लब सांभाळताहेत. त्यांच्या हाताखालची मुलं खेळाडू कोट्यातून रेल्वेत, पोलिसांत लागली. मीही त्यांचाच विद्यार्थी. माझे पहिले बूट त्यांनीच घेऊन दिले होते. पण गेली तीन वर्षं सीनियर मुलांचा संघ उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेलेला नाही. दोन चांगली मुलं कॉलेजसाठी पुण्याला गेली, एक नोकरीला लागला. सर अजून २-३ झोनच (पुढे दोघं, मागे तिघं उभे करून आपापली जागा राखायचा बचाव) खेळवतात आणि समोरचे बाहेरून थ्री, म्हणजे तीन गुणांचे लांबचे शॉट, मारून जातात. मुलींचा संघ मात्र गेल्या वर्षी फुल कोर्ट प्रेस (पूर्ण मैदानभर समोरच्यांना दाबून धरायचा बचाव) खेळून फायनलला गेला, आणि संध्याकाळी लहान मुलांची गर्दी कधी नव्हती एवढी असते. काही पालकांना एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्था) मधून कोर्स केलेला तरुण कोच हवाय. सर फार ओरडतात, अशीही त्यांची तक्रार आहे. पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. एक गट म्हणतो, अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये टोरांटोने कोच बदलला आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियन झाले. दुसरा म्हणतो, त्याच लीगमधल्या सॅन अँटोनियोने पॉपोविच या कोचना शेवटपर्यंत ठेवलं. मी कुठल्या बाजूने मत देऊ?
– एक कार्यकारिणी सदस्य

उत्तर:

तुमच्या सभेत ज्या दोन संघांची नावं घेतली जाताहेत, त्या दोघांच्या मध्ये एक खेळाडू उभा आहे आणि त्याचं नाव तुमच्या पत्रात कुठेच नाही. तो म्हणजे कवाय लिओनार्ड. जुलै २०१८ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला टोरांटोला दिलं आणि बदल्यात डिमार डिरोझनला घेतलं. एकाच व्यवहारातली ही दोन टोकं तुमचे दोन्ही गट एकमेकांवर फेकताहेत. म्हणून मत कुणाला द्यायचं हे बोलण्याआधी त्या दोन शहरांत खरोखर काय घडलं ते सांगतो.

टोरांटोपासून सुरुवात करू. ड्वेन केसी २०११ पासून तिथले मुख्य प्रशिक्षक होते. २०१७-१८ च्या मोसमात त्यांच्या संघाने ८२ पैकी ५९ सामने जिंकले. क्लबच्या इतिहासात तोवर एवढे विजय कधीच मिळाले नव्हते. मग प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद सामन्यांच्या, दुसऱ्या फेरीत लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडने त्यांना ४-० ने घरी पाठवलं. क्लीव्हलँडकडूनच बाहेर पडण्याची ही सलग तिसरी वेळ होती. ११ मे २०१८ रोजी केसींना काढलं आणि जूनअखेर त्याच केसींना त्या मोसमाचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवण्यात आलं. त्यांचेच सहायक निक नर्स मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१९ मध्ये टोरांटो चॅम्पियन झालं. इथपर्यंत तुमचा पहिला गट बरोबर बोलतो.

पण त्या एका उन्हाळ्यात टोरांटोचं किती काय बदललं ते पाहा. लिओनार्ड आला, सोबत डॅनी ग्रीन आला. दरवर्षी वाट अडवणारा लेब्रॉन लॉस एंजेलिसला, म्हणजे पश्चिमेच्या गटात निघून गेला. फेब्रुवारीत मार्क गॅसोल येऊन मिळाला. फायनलमध्ये गोल्डन स्टेटचे ड्युरंट आणि क्ले थॉम्पसन जखमी झाले. नर्सनी उत्तम काम केलं, यात शंकाच नाही. पण या सगळ्यातून एक ‘कोच बदलला’ एवढंच उचलून सभेत मांडणं म्हणजे पाऊस, बियाणं आणि खत विसरून पिकाचं श्रेय नव्या नांगराला देण्यासारखं आहे. आणि पुढचंही सांगायला हवं. पाच मोसमांनंतर, २०२३ मध्ये, टोरांटोने नर्सनाही काढलं.

आता सॅन अँटोनियो. ग्रेग पॉपोविच यांची सुरुवातच मुळी एका प्रशिक्षकाला काढून झाली. डिसेंबर १९९६ मध्ये ते स्पर्सचे जनरल मॅनेजर होते. संघाने पहिल्या १८ पैकी फक्त तीन सामने जिंकले होते. त्यांनी बॉब हिल यांना हटवलं आणि स्वतः बेंचवर जाऊन बसले. त्या मोसमात डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे जेमतेम सहा सामने खेळला आणि संघ २० विजय, ६२ पराभवांवर थांबला. त्या अपयशामुळे पुढच्या ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, सोडतीत संधी मिळाली, पहिला क्रमांक लागला आणि टिम डंकन आला. तरीही १९९९ च्या छोट्या मोसमात संघाची सुरुवात ६ विजय, ८ पराभव अशी झाली तेव्हा पॉपोविच यांना काढा अशी उघड मागणी होत होती. त्यांना काढलं नाही. उरलेल्या ३६ पैकी ३१ सामने जिंकून स्पर्स पहिल्यांदा चॅम्पियन झाले. नंतर २००३, २००५, २००७ आणि २०१४. सलग २२ मोसम प्लेऑफ. एनबीएच्या इतिहासात कुणाही प्रशिक्षकाचे नसतील इतके विजय, १,४२२.

तुमचा दुसरा गट इथे थांबतो. गोष्ट मात्र थांबत नाही. लिओनार्ड गेल्यावर एक मोसम कसाबसा निघाला आणि त्यानंतर सलग सहा मोसम स्पर्स प्लेऑफला पोहोचले नाहीत. माणूस तोच, शिस्त तीच. म्हणजे चांगला प्रशिक्षक टिकवून ठेवला की विजय आपोआप टिकतात, हेही खरं नाही. शिवाय पॉपोविच नुसते प्रशिक्षक नव्हते, क्लबच्या बास्केटबॉलचा सगळा कारभारच त्यांच्याकडे होता. तुमच्या सरांचं भवितव्य पंचवीस-तीस सभासदांच्या हात वर करण्यावर ठरणार आहे. त्या दोन खुर्च्या एकसारख्या नाहीत.

तुमच्या परिस्थितीला सगळ्यांत जवळचं उदाहरण तिसरंच आहे, आणि ते सभेत मांडावं असं मला मनापासून वाटतं. यूटा जॅझचे जेरी स्लोन. १९८८ च्या डिसेंबरपासून २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे जवळजवळ तुमच्या सरांइतकीच वर्षं, एकाच संघाचे मुख्य प्रशिक्षक. १९९७ आणि १९९८ अशा दोन फायनल खेळले, दोन्ही शिकागोकडून हरले. एकही विजेतेपद नाही. २००३ मध्ये जॉन स्टॉकटन निवृत्त झाला आणि कार्ल मलोन लेकर्सकडे गेला. ज्या दोघांवर संघ अठरा वर्षं उभा होता ते एकाच उन्हाळ्यात गेले. २००४-०५ मध्ये जॅझने ५६ सामने गमावले. त्या वेळी स्लोनना निरोप दिला असता तर कुणी नावं ठेवली नसती. क्लबने वेगळा प्रश्न विचारला: आपल्याकडे खेळाडू कमी पडताहेत की शिकवणं? उत्तर खेळाडू असं आलं. डेरॉन विल्यम्सला ड्राफ्टमधून घेतलं, आणि २००७ मध्ये तोच प्रशिक्षक, तीच पद्धत घेऊन संघ पश्चिम विभागाची फायनल खेळला.

तुमच्याकडे तीन मुलं गेली. तीन वर्षांपूर्वीचा संघ आणि आजचा संघ हा एकच संघ नाही, आणि हे निकालांच्या तक्त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. गावाकडच्या क्लबातून मुलगा वीस वर्षांचा झाला की शहर किंवा नोकरी त्याला नेणारच. खरं तर सरांचं काम चांगलं झालं म्हणूनच तो जातो. पण इथे सरांनाही एक अवघड प्रश्न विचारायला हवा. ही तीन मुलं जाणार हे दोन वर्षं आधी दिसत होतं. त्यांच्या जागी सोळा-सतरा वर्षांची कोणती मुलं तयार केली? त्यांना मोठ्या सामन्यांत किती मिनिटं खेळवलं? चोवीस वर्षं ज्यांच्या हातात लहान गटापासून सीनियरपर्यंत सगळी रांग आहे, त्यांच्याकडे याचं उत्तर असायला हवं. उपांत्यपूर्व फेरीतल्या हरण्यापेक्षा हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता झोनचं. २-३ झोन म्हणजे म्हातारं झालेलं डोकं, असं पालक समजत असतील तर त्यांचा गैरसमज दूर करा. मायामी हीटचे एरिक स्पोलस्ट्रा २००८ पासून त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक आहेत. एनबीएमध्ये झोनचा सर्वाधिक वापर करणाऱ्यांत त्यांचं नाव येतं आणि २०२० मध्ये झोनच्या आधारावर त्यांनी संघ फायनलपर्यंत नेला. झोन चुकीचा नसतो. तो कशासाठी लावलाय, ते महत्त्वाचं.

तरीही तुमच्या पत्रातली तक्रार पोकळ नाही. सरांनी काम सुरू केलं तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमांत थ्री-पॉइंटची रेष ६.२५ मीटरवर होती. २०१० मध्ये फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने ती ६.७५ वर नेली, कोपऱ्यात ६.६०. रेष मागे गेली तशी मुलं लांबून मारायला शिकली, आणि झोनमधल्या पाच जणांना अडवायची जागा वाढली. २-३ मध्ये पुढचे दोघं वरची बाजू आणि विंग सांभाळतात. बॉल झपझप वरून विंगला आणि विंगवरून कोपऱ्यात गेला की मागच्या तिघांपैकी कडेच्याला कोपऱ्याकडे धावावं लागतं आणि बास्केटखालची जागा मोकळी पडते. तो धावला नाही तर कोपऱ्यातून थ्री बसतो. समोरच्या संघात दोन जरी चांगले शूटर असले तरी याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

म्हणून सरांकडे जा आणि शांतपणे विचारा: सर, सीनियरला झोनच का? ते म्हणाले की मुलं उंचीला कमी आहेत, सरावाला सहा-सातच जण येतात, मॅन-टू-मॅन (एकाने एकाला अडवायचं) लावलं तर तिसऱ्या क्वार्टरपर्यंत दोघं फाउलमध्ये अडकतात, तर त्यांनी विचार केलाय. मग प्रश्न सरावाला मुलं का येत नाहीत असा होतो, आणि त्याचं उत्तर कार्यकारिणीलाही द्यावं लागेल. ते म्हणाले की आपण पहिल्यापासून असंच खेळतो, तर मला काळजी वाटेल.

पण तुमच्याच पत्रात एक पुरावा आहे आणि तो तुम्ही ओझरता लिहून पुढे गेलात. मुलींचा संघ फुल कोर्ट प्रेस खेळून फायनलला गेला. प्रेस बसवायला महिनेच्या महिने पाय पळवावे लागतात, मुलींचा सरांवर विश्वास असावा लागतो, आणि हरायची तयारी ठेवून नवीन काही करून बघावं लागतं. ज्यांचं डोकं बंद झालंय ते प्रशिक्षक साठीकडे झुकताना हे करत नाहीत. पॉपोविच टिकले ते याच गुणावर. २००३ चा त्यांचा संघ डंकनला आत बॉल देऊन, बचाव घट्ट ठेवून संथपणे जिंकायचा. २०१४ च्या संघात बॉल कुणाच्या हातात क्षणभरही थांबत नव्हता आणि कोपऱ्यातले थ्री हे त्याचं मोठं हत्यार होतं. थ्री-पॉइंटर आवडत नाही असं पॉपोविच उघडपणे सांगायचे. तरीही संघासाठी त्यांनी तो खेळ बसवला. तुमचे सर मुलींसाठी बदलले. मुलांसाठी का बदलले नाहीत हे त्यांच्याकडूनच ऐका, दुसऱ्या कुणाकडून नको.

ओरडण्याचा मुद्दा मी वेगळा ठेवतो. ‘बॉक्स आउट!’ असं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढं ओरडणं हा या खेळाचा भाग आहे. मुलाच्या अंगावरून, जातीवरून, घरच्या परिस्थितीवरून बोलणं, किंवा हात उगारणं हा नाही. पालकांना नेमकं काय म्हणायचंय ते बसून ऐका, मुलांशी एकेकट्याने बोला, आणि मुलींशी एखाद्या महिला सभासदाने बोलावं. दुसऱ्या प्रकारचं काही निघालं तर या पत्राचं बाकी सगळं उत्तर बाजूला ठेवा. तिथे चोवीस वर्षांची सेवा, पदकं, नोकऱ्या, काहीही आड येता कामा नये आणि सभेची वाट बघण्याचंही कारण नाही. नुसता आवाज चढत असेल तर सरांना स्पष्ट सांगा की आजची मुलं आणि त्यांचे आईवडील हे वेगळ्या तऱ्हेने घेतात. चांगले शिक्षक हे ऐकून घेतात.

आता तुमच्या बुटांचं. ते वाचून मला भरून आलं, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी मैदानांवर असे सर आहेत ज्यांनी स्वतःच्या पगारातून मुलांना बूट घेऊन दिले आणि कुठे लिहून ठेवलं नाही. पण ते ऋण तुमचं आहे, तुम्ही ते फेडा. सरांच्या घरी जा, त्यांच्या औषधपाण्याची चौकशी करा, त्यांच्या नावाने दरवर्षी दोन मुलांना बूट घ्या. आज नवव्या वर्षी बॉल हातात घेणाऱ्या मुलीने ते ऋण तुमच्या वतीने फेडू नये. तिला फक्त चांगला प्रशिक्षक मिळायला हवा, मग तो कुणीही असो.

माझं मत विचारलंत, तर ओरडण्याच्या चौकशीत गंभीर काही निघालं नाही असं धरून सांगतो: सरांना ठेवा, पण मुदत ठरवून. दोन मोसम. ते मुख्य प्रशिक्षक राहतील, मुली आणि लहान गट पूर्णपणे त्यांच्याकडे राहील, कारण तिथे क्लब वाढतोय आणि वाढणारी गोष्ट मोडू नये. त्या तरुण कोचला सहायक म्हणून आणा आणि सीनियर मुलांचा संघ त्याच्याकडे द्या: सराव, डावपेच, टाइमआउटमध्ये बोलण्याचा अधिकार, सगळं. फक्त शंकू मांडायला आणि बॉलमध्ये हवा भरायला आणणार असाल तर आणूच नका. तो एका वर्षात निघून जाईल आणि जाऊन योग्यच करेल. त्याचं प्रमाणपत्र पतियाळाच्या एनआयएसमधल्या वर्षभराच्या डिप्लोमाचं आहे की सहा आठवड्यांच्या कोर्सचं, हेही बघून घ्या. दोन्ही करणारे चांगले असू शकतात, पण पालक ‘एनआयएस’ हे एकच नाव घेतात तेव्हा त्यांना स्वतःलाही हा फरक माहीत नसतो. त्याचं मानधन कुठून येणार, हेही सभेआधी ठरवा. नाहीतर ठराव होईल आणि कोच येणार नाही.

सॅन अँटोनियोकडून घेण्यासारखं काही असेल तर ते हेच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पॉपोविच यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मिच जॉन्सन हे सहायक तिथेच होते. ते क्लबच्या धाकट्या संघापासून काम करत आले होते आणि २०१९ पासून पॉपोविच यांच्या बेंचवर होते. उरलेला मोसम त्यांनी सांभाळला, मे २०२५ मध्ये पॉपोविच बाजूला झाले आणि जॉन्सन मुख्य प्रशिक्षक झाले. बाहेरचा माणूस शोधत कुणाला पळावं लागलं नाही. जॅझमध्ये उलट घडलं. स्लोन यांनी मोसम ऐन मध्यावर असताना, एका सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला आणि दोन आठवड्यांत डेरॉन विल्यम्सलाही दुसऱ्या संघाकडे पाठवावं लागलं. बावीस वर्षांचं काम असं तुटू नये. तुमच्या सरांना उद्या काही झालं तर संध्याकाळच्या त्या गर्दीसमोर कोण उभं राहणार, याचं उत्तर आज तुमच्या क्लबकडे नाही. ही चूक सरांइतकीच कार्यकारिणीची आहे.

दोन मोसमांनी काय बघायचं तेही आत्ताच लिहून ठेवा. चषक नको. सोळा ते अठरा वयाची किती मुलं सीनियरमध्ये नियमित खेळताहेत, सरावाला किती जण येतात, सर आणि नवा कोच एकमेकांशी बोलताहेत का, आणि मुलं सरांचं ऐकताहेत का. यातलं शेवटचं बिघडलेलं दिसलं, टाइमआउटमध्ये मुलं जमिनीकडे बघत उभी राहायला लागली, तर दोन मोसम पूर्ण व्हायचीही वाट बघू नका.

आणि एक काळजी घ्या. सरांना ‘मानद सल्लागार’ करून, शाल-श्रीफळ देऊन गुपचूप बाजूला करायचा प्रस्ताव कुणी ना कुणी मांडेलच. त्याला विरोध करा. काढायचंच असेल तर काढतोय असं सांगा. सत्कारात गुंडाळून दिलेला निरोप सरांना त्याच क्षणी कळतो आणि हॉलमधल्या प्रत्येक विद्यार्थ्यालाही कळतो.

सभेची नोटीस निघण्याआधी तुम्ही सरांच्या घरी जा. एकटे नको, दुसऱ्या गटातला एक जण सोबत घ्या, म्हणजे आत काय बोलणं झालं यावर नंतर वाद होणार नाही. झोनचं विचारा, सोळा वर्षांच्या मुलांचं विचारा, ओरडण्याचं सांगा, दोन मोसमांचा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवा. तो तरुण कोच त्यांना पसंत आहे का, की त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी या कामाचं कुणी त्यांच्या नजरेत आहे, हे त्यांनाच विचारा. सर रागावले तर रागावू द्या आणि आठवड्याने पुन्हा जा. ठराव त्यानंतर लिहा.